बंदुका खाली ठेवल्या, मनांचे काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी पक्षाचा ज्येष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला आणि युद्ध संपत आल्याची द्वाही शासनकर्त्यांनी फिरवली. रक्तपात थांबत असेल तर लोकशाही समाजवाद्यांना आनंदच आहे. परंतु गोळीबार थांबला की युद्ध संपले, हा हिशेब सेनापतीचा झाला, समाजाचा नव्हे. १९८० च्या सुमारास प्राणहिता ओलांडून पहिली दलमे सिरोंच्याच्या जंगलात उतरली. तेव्हापासून चार दशकांहून अधिक काळ जी माणसे भयाच्या छायेत जगली, त्यांच्या मनांची जबाबदारी कोणाची?

या युद्धाने जखमी केलेली माणसे तीन छावण्यांत विखुरली आहेत. पहिला गावकरी : रात्री दलमला भाकर द्यायची आणि सकाळी पोलिसांना त्याचा जाब द्यायचा, ‘खबऱ्या’ हा शिक्का बसला की जीव गमवायचा. दुसरा जवान : ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले; १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याच्या सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक. मृतांना मानवंदना मिळाली. त्या रस्त्यांवर पुन्हा गस्त घालणाऱ्यांच्या झोपेची नोंद कोणत्या वहीत आहे? तिसरा शरणागत, ज्याचे तारुण्य बंदुकीबरोबर गेले. १९९० मध्ये उभारलेल्या सी-६० पथकांत प्रामुख्याने स्थानिक तरुणच घेतले गेले. म्हणजे एकाच समाजाची लेकरे एकमेकांसमोर उभी केली गेली. उपचारांत छावणीभेद करणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

मनाच्या जखमेला मान्यता मिळणे हा नेहमीच राजकीय संघर्षाचा विषय राहिला आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतून थरथरत परतलेल्या सैनिकांपैकी कित्येकांना भेकड ठरवले गेले. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आघातोत्तर विकाराला १९८० मध्ये अधिकृत स्थान दिले, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या चळवळीचा रेटा होता. संघर्षग्रस्त प्रदेशांत सुमारे पाचांपैकी एक व्यक्ती मानसिक विकाराने ग्रस्त असते, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये मांडला. भामरागड, एटापल्ली, अहेरी या प्रदेशाबाहेर आहेत काय?

१९८२ हे वर्ष ध्यानात घ्यावे. त्याच वर्षी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला. १९९६ मध्ये त्याला जिल्हा कार्यक्रमाची जोड मिळाली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ ने तर शासकीय सेवेतून उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्कच ठरवला. पण हक्काला अंतराचे गणित असते. विदर्भाचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला; गोंडपिपरीहून ते सुमारे दोनशे किलोमीटर, भामरागडहून त्याहून कितीतरी दूर. जाण्यायेण्यात मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. ज्या हक्काची किंमत गरिबाने उपासाने चुकवावी, त्याला हक्क म्हणणे ही थट्टा आहे.

‘तज्ज्ञ नाहीत, पैसा नाही’ हे शासनाचे ठरलेले उत्तर. ते खोटे आहे, आणि त्याचा पुरावा विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या बळावर काम केले; नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. खुद्द राज्य शासनाने २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला आणि आशा कार्यकर्तींना घरोघर पाठवले. त्या १४ जिल्ह्यांत चंद्रपूर-गडचिरोली नव्हते. म्हणजे मार्ग ठाऊक होता. जंगलातील माणूस तेवढा त्या यादीत बसला नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच काही मित्रांचा : आधी जल-जंगल-जमिनीचा प्रश्न सोडवा, मने आपोआप सावरतील. अन्यायावर गोळ्या-औषधांचा उतारा नसतो, एवढा त्यांचा मुद्दा मान्य. पण मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला तो निर्भयपणे बोलणाऱ्या ग्रामसभेच्या बळावर. ज्याला रात्री झोप नाही, ज्याचा शेजाऱ्यावरही विश्वास उरला नाही, तो ग्रामसभेत तोंड कसे उघडणार? भयभीत मन हा शोषकांचा सर्वांत स्वस्त पहारेकरी असतो. मनाचे आरोग्य ही क्रांतीनंतर मिळणारी चैन नव्हे; ती संघटनेची पूर्वअट आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी मानसोपचार मिळावा आणि औषधे तेथेच मिळावीत. माडिया व गोंडी बोलणारे समुपदेशक त्याच समाजातून निवडून, पगार देऊन नेमावेत, कारण दुःख मातृभाषेतच सांगता येते. गावच्या पुजाऱ्याला हिणवू नये, सोबत घ्यावे. आणि ही सेवा पोलीस खात्याच्या नव्हे, आरोग्य खात्याच्या हाती असावी. समुपदेशकापुढे सांगितलेली व्यथा चौकशीच्या कागदावर जाते अशी शंका आली, तर एकही माणूस पुढे येणार नाही.

वर्धा आणि वैनगंगा यांच्या दुआबात वसलेला गोंडपिपरी तालुका या जंगलपट्ट्याचा उंबरठा आहे. येथील कार्यकर्त्यांनी गावोगावच्या ग्रामसभांतून या मागणीचे ठराव करून घ्यावेत आणि नदीपलीकडच्या साथींना त्यांत सामील करावे. सुरुंग पेरण्यासाठी आणि ते शोधण्यासाठी खर्च झाला. आता मनांत पुरलेले सुरुंग काढण्याचा खर्च शासनाला करावाच लागेल. तो मागण्याचे काम आपले आहे.