दुरून उपचार, पण कोणाच्या हातून?

२५ मार्च २०२० रोजी गोव्यात कोविडचे पहिले तीन रुग्ण सापडले आणि योगायोग असा की, डॉक्टरांनी दूरध्वनीवरून रुग्णास सल्ला कसा द्यावा याचे नियम केंद्र शासनाने त्याच दिवशी काढले. पुढच्याच महिन्यात ‘ई-संजीवनी’ची घरबसल्या सल्ला देणारी सेवा सुरू झाली. टाळेबंदीत बस नाही, रिक्षा नाही, अशा वेळी मधुमेहाच्या जुन्या रुग्णाला गोळ्यांविषयी घरी सल्ला मिळणे हे थोडे नव्हते. पावसाळ्यात फोंड्याचे उपजिल्हा इस्पितळ कोविडसाठी राखले गेले, तेव्हा तर तालुक्यातील इतर रुग्णांना या सोयीची निकड अधिकच होती.

परंतु दूरध्वनीवरून नाडी पाहता येत नाही. कोविडमध्ये रक्तातील प्राणवायू घटत असताना रुग्णाला धाप लागतेच असे नाही. तो ‘बरा आहे’ म्हणतो आणि पलीकडचा डॉक्टर ते ऐकून घेतो. मे २०२१ मध्ये रुग्ण इस्पितळात उशिरा येतात, अशी तक्रार शासन करीत होते. (बांबोळीच्या प्राणवायूचा प्रश्न त्याच महिन्यात उच्च न्यायालयापुढे होता, हेही विसरता येत नाही.) पण सावईवेरे-केरीकडच्या एखाद्या वाड्यावर रेंज शोधत फिरणाऱ्या वृद्धाला ९५ आणि ८८ या आकड्यांतील अंतर कोणी सांगावयाचे होते?

उत्तरासाठी लांब जावयास नको होते. ‘स्टेमी गोवा’ ही योजना महामारीच्या आधीची. छातीत कळ आलेल्या रुग्णाचा ईसीजी तालुक्याच्या केंद्रात काढतात, तो तत्काळ गोमेकॉच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जातो आणि त्यांच्या सल्ल्याने गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तेथेच दिले जाते. मग रुग्णवाहिका बांबोळीची वाट धरते. हे साधते, कारण छातीवर तारा लावणारे आणि सुई टोचणारे हात तेथे हजर असतात.

ई-संजीवनीचेही असे दुसरे रूप आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या त्या व्यवस्थेत आरोग्यकेंद्रातील कर्मचारी रुग्णाजवळ बसून डॉक्टरांशी बोलतो. आमचा आग्रह त्याच रूपाचा आहे. नव्या ॲपच्या उद्घाटनाला मंत्री येतात; परिचारिकेची रिकामी जागा भरताना कापावयास फीत नसते, हे आम्ही जाणतो. तरीही शिरोडा, बेतकी, मडकई येथील केंद्रांच्या प्रत्येक उपकेंद्रात कायम परिचारिका असावी, प्राणवायू मोजण्याचे यंत्र तिच्या हाताशी असावे आणि बांबोळीच्या तज्ज्ञांची ठरलेली वेळ तिला मिळावी. पुढील साथीची वाट न पाहता येत्या अर्थसंकल्पातच शासनाने याची तरतूद करावी.