शिस्त कोणती, सूड कोणता?

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या गेटवर कामगारांची सभा झाली, की गावात पारावर ठरलेलं बोलणं ऐकू येतं. "चार जणांना घरी बसवा, बाकीचे आपोआप सरळ येतील!" बोलणारे बहुतेक ऊस उत्पादक सभासदच असतात. त्यांचा राग समजतो. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला नाही तर वजन घटतं, उताराही घटतो. फटका शेवटी आपल्याच बिलाला.

पण सहकारी कारखान्याचा मालक कोण? शेअर आपल्या नावावर आहेत. म्हणजे कार्यकारी संचालकांनी निलंबनाची ऑर्डर काढली, तर ती आपल्याच वतीने निघते.

काट्यावर गडबड करणारा, पिऊन ड्युटीवर येणारा, बॉयलरपाशी झोपणारा, याची गय करू नये. मग तो युनियनचा पुढारी का असेना. आरोपपत्र द्या, त्याचं म्हणणं ऐका, दोष ठरला तर शिक्षा करा. मात्र थकलेला पगार मागितला म्हणून युनियनची वर्गणी गोळा करणाऱ्याला लांबच्या गट ऑफिसला टाकणं, हा निव्वळ सूड. राज्याच्या १९७१ च्या कायद्याने अशा कारवाईला अनुचित प्रथाच ठरवलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. त्यात मोठ्या कारखान्यातल्या निलंबिताची चौकशी साधारण ९० दिवसांत संपवायची आहे. तोवर निम्मा पगार निर्वाहभत्ता; पुढे कामगाराच्या दोषाशिवाय लांबली, तर ७५ टक्के. म्हणजे चौकशी रेंगाळली की कामाशिवायचा पगार आपल्याच खिशातून.

हंगामी कामगाराची तऱ्हा निराळी. त्याला निलंबित करायचीही गरज नाही. पुढच्या हंगामाला बोलावणंच धाडायचं नाही, झालं! कागदावर काहीच दिसत नाही. आणि हा हंगामी कोण? बहुतेक वेळा आपल्याच भावकीतला, दीड एकरवाला.

उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत, अशी मुदत १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने घातली. ते थकले की आपणही काटा बंद पाडतो, गाड्या अडवतो. आपलं ते आंदोलन आणि कामगाराची गेटसभा ती बेशिस्त? अर्थात युनियननेही नोटीस न देता ऐन हंगामात गव्हाण बंद पाडू नये. आपला ऊस वाळवून त्यांचा पगार सुटणार नाही.

वार्षिक सभेत आपण सवलतीची साखर किती मिळणार, एवढंच विचारतो. यंदा हेही विचारा: किती कामगार निलंबित आहेत, कधीपासून, आणि चौकशी कुठं अडलीय? उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या.