मत तुमचं, पण गट कोणता?

उत्तर आयर्लंडमध्ये विधानसभेची निवडणूक मे २०२७ मध्ये अपेक्षित आहे. मतदारसंघ १८, प्रत्येकी ५ आमदार. मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा, आपल्या पदवीधर मतदारसंघात लिहितात तसाच.

गोची पुढे आहे. निवडून आल्यावर आमदाराने नोंद करायची: युनियनिस्ट (ब्रिटनसोबत राहू पाहणारे), नॅशनलिस्ट (एकसंध आयर्लंड हवा असणारे) की ‘इतर’. कळीच्या ठरावांना पहिल्या दोन्ही गटांतून पुरेसा पाठिंबा लागतो. ‘इतर’ फक्त एकूण बेरजेत धरले जातात. २०२२ मध्ये दोन्ही गटांबाहेरच्या अलायन्स पक्षाने ९० पैकी १७ जागा जिंकल्या. त्यांच्या मतदारांचं वजन मात्र इथे कमीच.

साडेतीन हजारांवर बळी गेल्यानंतर १९९८ चा करार झाला, तेव्हा ही तरतूद गरजेची होतीच. पण याच रचनेत एका मोठ्या पक्षाने अंग काढलं की सरकार ठप्प: २०१७ ते २०२०, पुन्हा २०२२ ते २०२४. तिकडे रुग्णालयांच्या प्रतीक्षायाद्या मात्र लांबतच गेल्या.

म्हणून माझ्या मते, तिथल्या मतदाराने उमेदवाराला सीमेचा प्रश्न नंतर विचारावा. आधी हे विचारावं: तुमचा पक्ष रुसला, तरी सरकार चालू द्याल का?