परीक्षा पुढे गेली, मग फी पुन्हा का?

स्पर्धा परीक्षेचे पेड टेलिग्राम ग्रुप चालवणाऱ्या सरांना राग येईल. येऊ द्या.

माझ्या धाकट्या भावाने २०२४ च्या जानेवारीत अशाच एका ग्रुपची सहा महिन्यांची मेंबरशिप घेतली. २,४९९ रुपये. जाहिरातीत ५,९९९ वर काट मारलेली, खाली उलटं धावणारं घड्याळ, ‘ऑफर आज रात्री १२ पर्यंत’. आठवड्याने बघितलं तरी ते घड्याळ धावतच होतं!

राज्यसेवा पूर्व तेव्हा २८ एप्रिलला होती. ती पुढे ढकलली, मग पुन्हा. २५ ऑगस्ट ठरली तर त्याच दिवशी आयबीपीएसचा पेपर. पोरं पुण्यात रस्त्यावर उतरली. शेवटी परीक्षा झाली १ डिसेंबरला. भावाची मेंबरशिप जुलैतच संपली आणि त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. मी ॲडमिनला विचारलं, तर म्हणे, ‘दादा, लगेच रिन्यू करा, ऑफर आजचीच आहे.’

म्हणजे आयोगाने तारीख ढकलली की पोराचा मेसचा खर्च वाढतो, कॉटचं भाडं वाढतं, आणि सरांचा गल्ला भरतो.

फुकट शिकवा असं मी म्हणत नाही. फुकटच्या ग्रुपात गुड मॉर्निंगच जास्त असतं, ते आपण भोगलंय. मुख्य परीक्षेची उत्तरं तपासायला माणूस लागतो, वेळ जातो, त्याचे पैसे वेगळे आणि चांगले घ्या. पण तीच पीडीएफ हजाराव्या मेंबरला पाठवायला तुमचा असा कितीसा खर्च वाढतो? आणि ५,९९९ ला ती कधी कुणी घेतली होती, ते तरी दाखवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध नियम काढले. त्यातल्या १३ प्रकारांत पहिलाच प्रकार खोटी घाई दाखवण्याचा आहे. कायद्याचे तास घेणाऱ्या सरांना हे मी सांगायचं?

मागणी साधी आहे. मेंबरशिप महिन्यांवर लावू नका, परीक्षेवर लावा. ‘पूर्व होईपर्यंत’ एवढंच लिहा आणि एकच किंमत ठेवा. तारीख पुढे गेली तर तुम्हाला थोडा तोटा होईल, मान्य. पण आजवर तो सगळा पोरांच्याच बापाने सोसलाय ना, सोयाबीन विकून.

नव्या बॅचच्या जाहिराती सुरू झाल्यात. पैसे भरायच्या आधी ‘परीक्षा पुढे गेली तर काय?’ हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.