दप्तर आपले, सही आपली, मग चावी कोणाकडे?



'सेक्रेटरी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सोसायटीचा गटसचिव उभा राहतो. कर्जाची यादी त्याच्या दप्तरात, वसुलीची नोटीसही त्याच्याच दप्तरात. म्हणून आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीलाही सेक्रेटरी नेमावा लागतो असे सांगितले की बैठकीत पहिला प्रश्न येतो, "सोसायटी सोडून कंपनीत आलो, तर इथेही तोच?"

तोच नाही. तो कोण, हे न समजल्याने काय होते ते मी भोगले आहे.

मी एका उत्पादक कंपनीचा संचालक होतो. तीनशे सभासद, प्रत्येकी हजाराचा शेअर, भांडवल तीन लाख. कंपनी नोंदवून देणाऱ्या संस्थेने आमचे आधार, फोटो घेतले, संचालकांच्या डिजिटल सह्या काढल्या आणि त्या आपल्याच कपाटात ठेवल्या. आम्ही निश्चिंत. दोन हंगाम कापूस घेतला, विकला. तिसऱ्या वर्षी खेळत्या भांडवलासाठी बँकेत गेलो, तर साहेबांनी संगणकात पाहून सांगितले की तुमचे दोन वर्षांचे हिशेब कंपनी निबंधकाकडे पोचलेलेच नाहीत. संस्थेचा प्रकल्प संपला होता, आमचे काम पाहणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. सही आमची, कपाट त्यांचे आणि दंड पुन्हा आमचा!

हा दंड किती, त्याचा हिशेब करा. वार्षिक सभा झाल्यापासून ठरलेल्या मुदतीत ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र दाखल करावे लागते. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला रोज १०० रुपये जादा शुल्क, त्याला वरची मर्यादा नाही. एका वर्षाचे दोन फॉर्म दोन वर्षे राहिले आणि पुढच्या वर्षाचे दोन एक वर्ष राहिले, तर होतात २ लाख १९ हजार रुपये. तीन लाखांच्या भांडवलातले उरले काय? बोंडअळीने इतके खाल्ले तर आपण पंचनामा मागतो. इथे पंचनामा कोणाकडे मागायचा?

पैशावरच भागत नाही. सलग तीन वर्षांचे कागद राहिले तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ साली केंद्र सरकारने दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली आणि तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरवले. त्यात बोगस कंपन्या होत्या, तशा केवळ कागद राहिलेल्याही होत्या. कायदा "मला ठाऊक नव्हते" हे उत्तर घेत नाही.

कंपनी सेक्रेटरी हे सांभाळणारा माणूस आहे. भारतीय कंपनी सचिव संस्थेची परीक्षा पास होऊन तिचा सभासद झाल्याशिवाय कोणाला हे पद घेता येत नाही. संचालक मंडळाची बैठक दर तीन महिन्यांनी झाली का, इतिवृत्त लिहिले का, वार्षिक सभेची नोटीस १४ दिवस आधी गेली का, सभेला एक चतुर्थांश सभासदांची गणपूर्ती होती का, शेअरची नोंदवही बरोबर आहे का, हे तो पाहतो. कायदा कुठे पाळला नाही हे मंडळाला सांगणे हे त्याचे कर्तव्यच आहे. कापूस कोणाला विकायचा हे तो ठरवत नाही. तो आपला मालक नाही, आपला पगारी माणूस आहे.

मग तो नेमायचा कधी? उत्पादक कंपनीचा कायदा २००२ साली झाला आणि फेब्रुवारी २००३ पासून लागू झाला. फेब्रुवारी २०२१ पासून तो २०१३ च्या कंपनी कायद्यात आला. त्याचे कलम ३७८ एक्स सांगते की सलग तीन वर्षे सरासरी उलाढाल ५ कोटींच्या वर गेली की पूर्णवेळ सेक्रेटरी हवाच. नेमला नाही तर दंड.

माझी तक्रार सेक्रेटरीबद्दल नाही, या ५ कोटींच्या मापाबद्दल आहे. २००२ साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला दोन हजारांच्या आत होता. म्हणजे ५ कोटींची उलाढाल व्हायला २५ हजार क्विंटलहून जास्त कापूस लागे. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये. या भावाने ६,१६५ क्विंटल कापूस कंपनीने खरेदी करून विकला की ५ कोटी झाले. पाचशे सभासदांनी साडेबारा क्विंटल घातला तरी कंपनी कायद्याच्या दृष्टीने मोठी! कापूस चौथाई झाला, माप तेच राहिले.

आणि उलाढाल म्हणजे नफा नव्हे. क्विंटलमागे समजा शंभर रुपये सुटले, तर ६,१६५ क्विंटलचे सव्वासहा लाखसुद्धा होत नाहीत. त्यात काटा, हमाली, गोदाम, व्याज आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पगार. त्यावर पूर्णवेळ सेक्रेटरी कुठून पोसणार? दुसरीकडे खासगी प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला पूर्णवेळ सेक्रेटरीची सक्ती तिचे वसूल भांडवल १० कोटी झाल्यावरच येते. तीही मर्यादा आधी ५ कोटी होती, २०२० साली दुप्पट केली. तिची उलाढाल कोणी पाहत नाही. व्यापाऱ्याला भांडवलाचे माप आणि शेतकऱ्याला उलाढालीचे, हा कुठला न्याय?

कायद्यात एक फट आहे, ती ध्यानात ठेवा. सर्व प्रयत्न केले, किंवा कंपनीची ऐपतच नव्हती, हे सिद्ध केले तर बचाव करता येतो. पण सिद्ध करायला कागद लागतात. जाहिरात दिली, अर्ज मागवले, ताळेबंद पाहून मंडळाने ठराव केला, हे इतिवृत्तात नसेल तर तोंडी सांगून उपयोग नाही.

आणि ५ कोटींच्या खाली आहोत म्हणून स्वस्थ बसू नका. सक्ती नसली तरी ताळेबंद, विवरणपत्र, सभा, सगळे पहिल्या वर्षापासून लागतेच. पूर्णवेळ माणूस परवडत नसेल तर स्वतंत्र व्यवसाय करणारा कंपनी सेक्रेटरी वर्षाच्या ठरलेल्या मोबदल्यावर घ्या. तालुक्यातल्या चार-पाच कंपन्यांनी मिळून एकाशी बोलणी केली तर खर्च वाटला जाईल. पूर्णवेळ सेक्रेटरी असा वाटून घेता येत नाही, स्वतंत्र व्यवसाय करणारा घेता येतो.

नेमणूक मात्र मंडळाने ठराव करून करावी. नोंदणी करून देणाऱ्या संस्थेने पाठवला म्हणून घेऊ नये. त्याची निष्ठा ज्याच्याकडून पगार त्याच्याकडे. केंद्राच्या २०२० च्या दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांच्या योजनेत व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांसाठी कमाल १८ लाखांची तरतूद आहे. ज्यांना ती मिळते त्यांनी त्यातच या कामाचा पैसा आधी बाजूला काढावा. मदत संपल्यावर दप्तर उघडे पडते, हे मी पाहिले आहे.

या बैठकीत तीन ठराव व्हावेत.

एक : प्रत्येक संचालकाने आपली डिजिटल सही महिनाभरात आपल्या ताब्यात घ्यावी. ती कुठे वापरली, याची नोंदवही ठेवावी.

दोन : दाखल केलेल्या प्रत्येक फॉर्मची पावती कंपनीच्या कार्यालयात लावावी आणि वार्षिक सभेत वाचून दाखवावी. इंग्रजी असेल तर मराठीत समजावून सांगावी.

तीन : ५ कोटींची मर्यादा आजच्या शेतमालाच्या भावाप्रमाणे वाढवावी, अशी मागणी केंद्र सरकारकडे करावी. ही रक्कम नियमाने बदलण्याची सोय त्याच कलमात आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

तिसरा ठराव दिल्लीच्या हातात आहे. पहिले दोन आपल्या हातात आहेत, त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. बैलाची वेसण आपण दुसऱ्याच्या हाती देत नाही, मग सही का द्यावी?