चैन म्हणा, पण हक्काची म्हणा



आम्ही पाचजणी मनालीहून लेहला सायकलने जाऊन आलो, हे मी मध्यंतरी एका बैठकीत सांगितले. चळवळीत माझ्याआधी वीस वर्षे असलेल्या एका ताईंनी विचारले, "छान झालं गं. पण याचा बायकांच्या प्रश्नाशी काय संबंध? ही आपली चैनच ना?" ताईंबद्दल मला आदर आहे. पोलीस चौकीत ठाण मांडून तक्रार कशी लिहून घ्यायला लावायची, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. पण निघण्यापूर्वी घरून, सासरहून, शेजाऱ्यांकडून जे ऐकले त्यातले काही लागले नव्हते इतके हे वाक्य लागले. कारण ते आपल्या माणसाचे होते. बैठकीत मी गप्प बसले, ते बरे केले नाही. म्हणून आता लिहिते.

आधी चैनीचा हिशेब मांडते. प्रत्येकीला सुमारे दोन महिन्यांच्या पगाराइतका खर्च आला. दोन सायकली मागून आणलेल्या होत्या. रजा मिळवायला मला सहा महिने लागले, आणि नवऱ्याला घरातले सगळे समजावून, वही करून द्यायला आठवडा. गॅसचा नंबर, मुलीच्या शाळेची वेळ, सासूबाईंच्या गोळ्या. तो दर वर्षी मित्रांबरोबर गडावर जातो तेव्हा कुठली वही करतो? पिशवी उचलतो आणि निघतो. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे रोजचे सरासरी २९९ मिनिटे घरकामात जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७, असे निघाले. चैन कोणाची चालली आहे, ते या आकड्यांत दिसते.

आता रस्त्याविषयी. पावणेपाचशे किलोमीटर, बारा दिवस. २०२० च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाल्यापासून बहुतेक गाड्या बोगद्यातून जातात. आम्ही रोहतांगचा जुना चढ घेतला. पुढे केलाँग, जिस्पा, झिंगझिंगबार, मग बारालाचा, मग सरचू, गाटा लूप्सची एकवीस वळणे, पांग, मोरे मैदान आणि शेवटी साधारण ५,३०० मीटरवरची तांगलांग ला. तिथे चढावर शंभर पॅडल मारायची आणि थांबून श्वास घ्यायचा, असे चालते. आमच्यात दोघी शिक्षिका, एक बँकेत, एक परिचारिका आणि मी. कोणी खेळाडू नाही. सर्वात मोठी एक्कावन्न वर्षांची, आणि घाटात सर्वात पुढे तीच.

वाटेतल्या प्रत्येक ढाब्यावर एकच प्रश्न : "साथ में कौन है?" आम्ही पाचजणी समोर उभ्या असताना! पाच बायका म्हणजे कोणी नाही. हा प्रश्न गरीब ढाबेवाल्याचाच आहे असे समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही बायकांना विचारतात, की बाजारात, दवाखान्यात, गावाबाहेर एकटीने जायची तुम्हाला परवानगी आहे का? २०१९-२१ च्या पाहणीत तिन्ही ठिकाणी एकटीने जायची मुभा असलेल्या बायका शंभरात बेचाळीस निघाल्या. त्याच पाहणीत नवऱ्याने बायकोला मारणे कोणत्या कारणासाठी योग्य वाटते, असे विचारताना जी कारणे वाचून दाखवतात त्यांत 'न सांगता घराबाहेर गेली' हे एक असते. आपल्या सल्ला केंद्रातले अर्ज काढून बघा. मीठ जास्त पडले, उलट बोलली, आणि न विचारता गेली. मग बायकांच्या जाण्यायेण्याचा बायकांच्या प्रश्नाशी काय संबंध, हे ताईंना मी काय सांगू?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. "काही झालं असतं म्हणजे?" झालेच. सरचूला एकीला डोके दुखून उलट्या झाल्या, एक रात्र तिच्या उशाशी जागून काढली, सकाळी बरे वाटले नसते तर गाडीने खाली न्यायचे ठरले होते. पण लोकांना ही भीती अभिप्रेत नव्हती. त्यांना माणसाची भीती अभिप्रेत होती. मी दहा वर्षे या कामात आहे. माझ्याकडे आलेल्या बहुतेकींना मार घरात बसला, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी. घरी बसणाऱ्या बाईला सुरक्षित म्हणायचे आणि घाट चढणाऱ्या बाईला बेफिकीर, हा हिशेब कुणाच्या सोयीचा आहे?

तिसरी गोष्ट सांगायला अवघड वाटते, पण आपल्या अंकात नाही सांगायची तर कुठे? उंचीवरची हवा कोरडी, श्वासाबरोबर अंगातले पाणी जाते, म्हणून सारखे पाणी प्यावे लागते. उंचीच्या त्रासावर जी गोळी घेतात तिने लघवी जास्त होते. आणि मोरे मैदान म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटरचे सपाट माळरान, आडोशाला झुडूप नाही. पुरुष प्रवासी रस्त्याला पाठ करून उभे. आमच्यातल्या दोघींनी पहिल्या दिवसांत चक्क पाणी पिणे कमी केले. परिचारिका मैत्रीण रागावली तेव्हा कळले, की हे आम्ही मनालीत शिकलो नव्हतो. शाळेत शिकलो होतो, एसटी स्टँडवर शिकलो होतो. वस्तीत मोर्चाच्या दिवशी बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. शेवटी आम्ही दोन ओढण्या धरून आडोसा केला आणि पाणी प्यायलो. एकीची पाळी त्याच दिवसांत आली. वापरलेले पॅड कागदात बांधून लेहपर्यंत आणले. बाईच्या शरीराचा विचार न करता रस्ते बांधले जातात, हे मी भाषणात अनेकदा म्हटले आहे. तिथे ते ओटीपोटात कळले.

आता ताईंच्या बाजूने जे आहे तेही सांगते, नाहीतर हा लेख खोटा होईल.

झिंगझिंगबारच्या अलीकडे रस्त्याचे काम चालले होते. हा रस्ता दर हिवाळ्यात बर्फाखाली जातो, उन्हाळ्यात पाण्याने वाहतो आणि दर वर्षी माणसे तो पुन्हा उभा करतात. त्यांतली पुष्कळ झारखंड, बिहार आणि नेपाळमधून येतात. तोंडाला फडके बांधून काही बायका खडी फोडत होत्या. एकीचे मूल दगडाच्या आडोशाला निजलेले. ती दुमक्याकडची. आम्ही धापा टाकत थांबलो. तिने विचारले, "दीदी, ये चलाने का कितना मिलता है?" मी म्हटले, काही नाही, उलट आमचेच पैसे गेले. ती माझ्याकडे बघत राहिली. "तो फिर क्यों?" मला उत्तर देता आले नाही. मास्टर्स इन सोशल वर्क आहे माझे, पण देता आले नाही.

मग ती उठली, सायकलच्या दांड्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बैठूँ?" आम्ही दोघींनी सायकल धरली. ती बसली, पाय टेकेनात, हसायला लागली. बाकीच्या हातोडे टाकून बघायला आल्या. दहा-बारा पावले नेली असतील नसतील, तोच मुकादम ओरडला. ती उतरली आणि जाऊन खडी फोडू लागली. आम्ही पुढे निघालो.

ज्या रस्त्यावर आम्ही स्वातंत्र्य अनुभवले तो तिने फोडलेल्या खडीचा आहे. हे मला मान्य आहे, आणि ते विसरून जी यात्रा-वर्णने लिहिली जातात त्यांच्याशी माझेही भांडण आहे. स्थलांतरित मजुरांच्या १९७९ च्या कायद्यात राहायची योग्य सोय, प्रवासभत्ता, वैद्यकीय मदत हे सगळे लिहिले होते. तिची झोपडी ताडपत्रीची होती.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? ताई म्हणतात, म्हणून आपण जाऊ नये. मी म्हणते, म्हणून तिचीही सुट्टी मागावी. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली आणि १८९० मध्ये ती मिळाली. त्याला कोणी चैन म्हटले का? कामगार चळवळीने विश्रांतीला हक्क मानले. बायकांना रविवार नाहीच, रविवारी तर मटणाचा स्वयंपाक वाढतो. बाईने मार खाल्ला तर आपण धावतो, आणि धावलेच पाहिजे. पण ती हुंदडायला निघाली तर आपणही विचारतो, उपयोग काय? बाईच्या प्रत्येक पावलाचा उपयोग विचारणारी सासू आपल्या चळवळीत कधी येऊन बसली?

आणि ज्यांना उपयोगच हवा त्यांच्यासाठी पुदुकोट्टईचे उदाहरण आहे. तमिळनाडूतल्या त्या जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेने सायकल शिकणे हाही अभ्यासाचाच भाग केला. पी. साईनाथ यांनी लिहिले आहे, की लाखाहून अधिक ग्रामीण बायका सायकल शिकल्या. त्यांत शेतमजूर होत्या, आणि दगडाच्या खाणीतल्या मजूरही होत्या. खडी फोडणाऱ्या बायकांना सायकल परवडत नाही, पेलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे वाचावे. बिहार सरकारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले, आणि माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली सुमारे एक तृतीयांशाने वाढल्या, असे अभ्यासकांनी दाखवले.

माझी आई लग्नापूर्वी सायकलने टेलिफोन ऑफिसात जायची. तेव्हा पुणे सायकलींचे शहर होते. लग्नानंतर तिला कोणी मनाई केली नाही. "सुटली," एवढेच ती म्हणते. बायकांच्या किती गोष्टी अशा आपोआप सुटतात, आणि सोडवणारा कोणीच नसतो!

तेव्हा माझ्या साध्या सूचना आहेत. सल्ला केंद्राच्या अर्जात नवरा, सासर, मारहाण यांच्याबरोबर एक रकाना घालू या : आठवड्यात तुमचा स्वतःचा वेळ किती? शिबिराच्या वेळापत्रकात एक दुपार कामाविना ठेवू या. संस्थेतल्या कार्यकर्तीला हक्काची रजा मिळते का, हे आपल्याच संस्थेला विचारू या. रस्त्यावर स्वच्छतागृह मागताना त्यात घाटातले रस्ते आणि तिथल्या मजूर बायकाही धरू या.

येरवड्याच्या वस्तीत आम्ही रविवारी सकाळी मैदानावर सायकल शिकवायला लागलो आहोत. तीन सायकली आहेत, अकराजणी येतात. परवा एकीचा गुडघा फुटला. नवऱ्याने विचारले, "या वयात पडायला कोणी सांगितलं होतं?" ती म्हणाली, "कोणी नाही. मीच गेले." पुढच्या रविवारी ती पुन्हा आली, आणि शेजारणीलाही घेऊन आली.

ताई, तुम्हीही या. सायकल आम्ही धरू.