साहस दोघांचे, धोका तिसऱ्याला

मागच्या पिढीतील नवविवाहित जोडपी माथेरानला नाहीतर महाबळेश्वरला जात. घोड्यावर बसून एक फोटो काढला की त्यांचे साहस संपे. हल्लीची जोडपी अंदमानला जातात आणि घोड्याची जागा समुद्राच्या तळाने घेतली आहे. स्वराजद्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचे हॅवलॉक, या बेटावर पोहता न येणारा माणूसही प्रशिक्षकाच्या आधाराने दहा-बारा मीटर पाण्याखाली जाऊन येतो. रात्री होडीतून निघावे, तर वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यासरशी सूक्ष्म जीवांच्या तेजाने पाणी निळे उजळते.

या हौसेची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. ज्या घरात सुनेने मोठ्याने हसलेलेही खटकते, त्या घरातील मुलगी तोंडात नळी धरून समुद्रात उतरते, आणि नवरा बिचकला तर त्याला धीर देते, याचा मला आनंदच वाटतो. आठ दिवस दोघांनी केवळ एकमेकांच्या भरवशावर राहणे हे आपल्याकडील कितीतरी लग्नांतले पहिले साहस असते.

माझा प्रश्न निराळा आहे. स्वतः होऊन पत्करलेला धोका म्हणजे साहस, अशी माझी समजूत आहे. सहल कंपनी मात्र आपल्यासाठी शक्य तितका धोका काढून टाकते आणि उरलेला थरार विकते. तेव्हा या सहलीत धोका असतो तो कोणाला?

पहिला धोका पोवळ्यांना. ज्याला आपण रंगीत दगड समजतो, तो लाखो चिमुकल्या प्राण्यांनी बांधलेला असतो. त्यांतली गोलाकार, भरीव जातीची पोवळी वर्षाकाठी जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. समुद्र तापला की त्यांच्या अंगात राहणारी शेवाळे निघून जातात आणि पोवळी पांढरी पडतात. २०१० साली अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. अशा आजारी प्राण्यावर आपण फोटोसाठी पाय टेकवतो, तेव्हा अनेक वर्षांची वाढ एका क्षणात मोडते.

दुसरा धोका माणसांना आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. बाराटांग बेटावरील चुनखडीच्या गुहा व चिखलाचे ज्वालामुखी पाहण्यासाठी जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. पुढचा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जारवांची संख्या काही शेकड्यांत मोजण्याइतकीच आहे. १९९७-९८ च्या सुमारास ते आपण होऊन जंगलाबाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातील रस्ता बंद करण्याचा आदेश दिला, तरी वाहतूक चालूच राहिली. २०१२ साली, पर्यटकांसमोर जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली. गाडी थांबवू नये, फोटो काढू नये, खायला देऊ नये, असे नियम आहेत. पण नजरेला नियम कोण लावणार? माझी मावसबहीण या सहलीहून परतली तेव्हा म्हणाली, ‘गुहा छान होत्या गं, पण जारवा काही दिसले नाहीत.’ ताडोबाहून परतलेला माणूस वाघाविषयी बोलतो, तोच तिचा सूर होता.

मराठी माणसाचे अंदमानशी नाते जुने आहे. बाबाराव व विनायकराव या सावरकर बंधूंनी तेथे कारावास भोगला. सेल्युलर जेलमधील कोठडीसमोर आपले पर्यटक चपला काढून उभे राहतात, कित्येकांचे डोळे पाणावतात. माणसाला बंद करून ठेवणे किती क्रूर असते, हे त्यांना तेथे उमगते. मग दुसऱ्याच दिवशी पहाटे तीच माणसे काचेआडून माणसे पाहायला निघतात, ही विसंगती कोणाला टोचू नये? १८५८ मध्ये इंग्रजांनी तेथे कैद्यांची वसाहत वसवली, तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजार होते. रोगराईने व संघर्षाने ते शंभरावर एका शतकात पन्नासाच्याही खाली आले. २०१० साली बोआ सीनियर ही वृद्धा वारली आणि तिच्याबरोबर ‘बो’ भाषाही गेली. जारवांच्या बाबतीत हा इतिहास परत घडवायचा नसेल, तर तो आपल्याला आधी ठाऊक हवा.

यावर कोणी म्हणेल, पर्यटक गेले नाहीत तर बेटावरच्या लोकांनी खायचे काय? हा आक्षेप खोटा नाही. होडीवाले, खानावळवाले, प्रशिक्षक या सर्वांचे पोट पर्यटनावर आहे. मायाबंदर-दिगलीपूरच्या रहिवाशांना रुग्णालयासाठी, बाजारासाठी तो रस्ता लागतो. पण त्यांची गरज आणि आपली करमणूक यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. अंदमान सोडा, असे मी म्हणत नाही. फक्त तो एक रस्ता सोडा, एवढेच माझे म्हणणे आहे. राधानगरचा किनारा आहे, सेल्युलर जेल आहे, पाण्याखालचे जग आहे. आठ दिवसांना तेवढे पुष्कळ झाले.

आपल्यापैकी अनेकांची लग्ने येत्या पाच-सात वर्षांत होतील आणि सहल कंपनीची रंगीत पुस्तिका घरोघर येईल. तिच्यातील बाराटांगच्या ओळीवर काट मारायला पोहता येण्याची गरज नाही. जोडीदाराला मात्र समजावून सांगावे लागेल; कदाचित सासरच्यांनाही. ते काम पाण्यात उतरण्याहून अवघड आहे, म्हणूनच मी त्याला साहस म्हणेन.